मिसूरीच्या विधानभवनातलं बेंटनचं भित्तिचित्र: एकच दिवस आहे, जाऊ का? आणि ते आजवर टिकलं कसं?

शैलाताई_कराड

नमस्कार मंडळी,

मुलाकडे कॅन्सस सिटीला येऊन सहा आठवडे झाले, अजून तीन आहेत. मी ३१ वर्षं हायस्कूलला चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती मुलं बसवली त्याचा हिशेब नाही.

गेल्या रविवारी मुलाने मला थॉमस हार्ट बेंटन या चित्रकाराच्या घरी नेलं. दगडी घर आहे, १९३९ पासून शेवटपर्यंत तो तिथेच राहिला. मागच्या बाजूला पूर्वी घोडागाडी ठेवायची इमारत होती, तिथे त्याचा स्टुडिओ. कॉफीच्या जुन्या डब्यांत ब्रश उभे करून ठेवलेत, जसे त्याने ठेवले होते तसेच. मी कितीतरी वेळ ते डबेच बघत उभी होते. माझ्या घरी बोर्नव्हिटाच्या डब्यात असेच उभे असतात.

माहिती सांगणाऱ्या मुलीने शेवटचा दिवस सांगितला. १९ जानेवारी १९७५, वय ८५. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिकच्या संग्रहालयासाठी मोठं चित्र काढून झालं होतं. जेवण झाल्यावर तो चित्र एकदा बघून सही करायला म्हणून स्टुडिओत गेला. बराच वेळ आला नाही म्हणून बायको रीटा बघायला गेली, तर तो तिथेच खाली पडलेला. चित्र सहीविना राहिलं. काही आठवड्यांत रीटाही गेली.

आता मूळ प्रश्न. तिथे एका पुस्तकात मिसूरीची राजधानी जेफरसन सिटी इथल्या विधानभवनातल्या भित्तिचित्राचे फोटो पाहिले. त्यात गुलामाला चाबकाने मारणारा माणूस आहे, रेल्वेगाडी लुटणारा दरोडेखोर जेसी जेम्स आहे, दारूच्या मोबदल्यात मूळ रहिवाशांकडून माल घेणारा व्यापारी आहे. आणि हे सगळं सरकारी पैशाने, आमदारांच्या बसायच्या खोलीत!

मला हे लागलं, कारण माझी एक भिंत गेली आहे. शाळेचं नाव सांगत नाही. मैदानाकडची तीस फुटी भिंत रंगवायला मिळाली, विषय ‘आपलं गाव’. नववीच्या मुलांना म्हटलं, आजी-आजोबांना विचारून या. बहुतेक जणांनी एकच आणलं, ७२चा दुष्काळ. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बायका, डोक्याला फडकं, झाडाला बांधलेल्या झोळीत पोर, आणि हातात सुकडीचा पुडा. मुलांनी ते इतकं खरं काढलं होतं! आठ दिवसांनी पाहुणे येणार होते. “गावाची लाज भिंतीवर कशाला?” असं कुणीतरी म्हटलं आणि सुट्टीच्या दिवशी भिंतीला चुना मारला गेला. सोमवारी मुलं माझ्याकडे बघत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून दोन गोष्टी विचारते. मुलगा म्हणतो एकच दिवस सुट्टी मिळेल. जेफरसन सिटी अडीच तास आहे, तर जावं का? आणि बेंटनची भिंत का नाही पुसली गेली?

मिसूरीकर

ताई, जा. डोळे झाकून जा. मी कोलंबियात राहतो, तिथून जेफरसन सिटी अर्ध्या तासावर. भारतातून कुणीही आलं की मी त्यांना तिथे नेतो, आईबाबांना तर दोनदा नेलं. अधिवेशन जानेवारी ते मे असतं; आता जून आहे, त्यामुळे गर्दी नसेल. तरी निघण्याआधी फोन करून ‘हाउस लाउंज’, म्हणजे चित्र आहे ती खोली, उघडी आहे का ते विचारा, कारण ती वापरातली खोली आहे. तिकीट नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे आणि ते बेंटनच्या घरापासून सुरू होतं.

त्याचं घराणं राजकारणातलं. ज्या चुलत आजोबांचं नाव त्याला ठेवलं, ते मिसूरीचे तीस वर्षं सिनेटर होते. वडील मेसीनस बेंटन वकील आणि काँग्रेसमध्ये खासदार. जन्म १८८९ चा, निओशो नावाच्या गावातला. लहानपणी त्याने घराच्या जिन्यालगतच्या नव्याकोऱ्या वॉलपेपरवर कोळशाने लांबच लांब मालगाडी काढली होती. ते आपलं पहिलं भित्तिचित्र, असं तो पुढे सांगायचा. वडिलांना पोरगा वकील व्हायला हवा होता, त्यांनी त्याला लष्करी शाळेत घातलं. आई मात्र त्याच्या बाजूने. सतराव्या वर्षी जॉप्लिनच्या खाणींच्या गावात त्याला वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायची नोकरी लागली. मग शिकागो, मग १९०८ ते ११ पॅरिस.

पॅरिसहून येऊन न्यूयॉर्कमध्ये त्याने दहा-बारा वर्षं सगळे नवे प्रकार करून पाहिले, पण जम बसेना. १९१८ मध्ये नौदलात गेला, तिथे नॉरफोकच्या गोदीत जहाजांची चित्रं काढायचं काम मिळालं. समोर दिसतंय ते नीट बघून काढायची सवय त्याला तिथे लागली. आणि १९२४ ला वडील आजारी पडले. इतकी वर्षं दुरावलेला मुलगा मिसूरीत परत आला, बापाच्या उशाशी बसला. भेटायला येणारे जुने राजकारणी, शेतकरी, वकील यांच्या गप्पा ऐकत राहिला. वडील गेले. त्यानंतर तो दरवर्षी वही घेऊन देशभर हिंडू लागला. कधी पायी, कधी मोटारीने, कापसाच्या शेतात, कोळशाच्या खाणीत, तंबूतल्या प्रार्थनासभेत. माझ्या मते बेंटन भित्तिचित्रकार झाला तो त्या आजारपणातच. हे मी मनापासून मानतो, कारण जेफरसन सिटीच्या भिंतीवर भाषण ठोकणारा जो पुढारी आहे, तो त्याचा बाप आहे.

त्याआधीची एक गोष्ट मला फार भावते. विसाच्या दशकात, कुणी भिंत देत नव्हतं तेव्हा, त्याने भिंतीशिवायच भित्तिचित्रं काढली. अमेरिकेच्या इतिहासाचे मोठमोठे फलक, गिऱ्हाईक नाही, जागा नाही. ते तुमच्या जवळच, नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात आहेत. तेही बघा.

पहिली खरी भिंत मिळाली ४१ व्या वर्षी. १९३०-३१, न्यूयॉर्कची न्यू स्कूल, दहा फलकांचं ‘अमेरिका टुडे’. मानधन शून्य. शाळेने फक्त अंड्यांचे पैसे द्यायचे ठरलं होतं, रंग अंड्यात कालवायचे म्हणून. पोलाद कारखान्याच्या फलकातल्या मजुरासाठी मॉडेल म्हणून उभा राहिला त्याचा एक विद्यार्थी, जॅक्सन पोलॉक. पुढे तो अमूर्त चित्रांसाठी जगप्रसिद्ध झाला, पण तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. तो बेंटनच्या घरी जेवायचा, त्यांचा मुलगा सांभाळायचा.

१९३४ च्या डिसेंबरात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बेंटनचं स्वतःचं काढलेलं चित्र आलं आणि पुढच्या वर्षी मिसूरीने त्याला बोलावलं. १६,००० डॉलर ठरले. दीड वर्ष आधीची तयारी, १९३६ मध्ये प्रत्यक्ष भिंत. लोकांना काय वाटलं असेल? स्थापना, वीरपुरुष, झेंडे. त्याने काढलं दूध काढणारी बाई, खटल्याला बसलेले ज्युरी, लाकूड कापणारे, मार्क ट्वेनच्या कादंबरीतले हक फिन आणि जिम, दारूच्या गुत्त्यात आपल्या प्रियकराला गोळी घालणारी लोकगीतातली फ्रँकी. आणि कॅन्सस सिटीच्या भागात राजकीय पुढारी टॉम पेंडरगास्ट, ज्याच्या शब्दाबाहेर तेव्हा तिथे पान हलत नव्हतं, खुर्चीत बसलेला. तीन वर्षांनी तोच माणूस कर चुकवल्याबद्दल तुरुंगात गेला.

आरडाओरडा खूप झाला. भिंत पांढरी करून टाका, इथपर्यंत. तुमच्यासारखंच, ‘राज्याची लाज’ हाच मुद्दा होता. पण बेंटन पळून गेला नाही. गावोगाव सभांना जाऊन उभा राहिला, प्रश्न घेतले, भांडला. तो राजकारण्याचा मुलगा, सभेत कसं बोलायचं ते त्याला घरातून मिळालेलं. शिवाय चित्रातली माणसं मिसूरीतलीच होती, समोर बसवून काढलेली. तुमची मुलं नववीत होती आणि तुम्ही नोकरीत होता, ताई. त्याच्या हातात जे होतं ते तुमच्या हातात नव्हतं. त्यात तुमची चूक कुठेच नाही.

भिंतीचा_माणूस

मी पुण्यात भिंती रंगवतो, पोटापाण्याचा तोच धंदा आहे. मिसूरीकरांनी इतिहास सांगितला, मी कामाबद्दल सांगतो, कारण ताई जाणार असतील तर काय बघायचं ते आधी माहीत असावं.

बेंटन भिंतीवर थेट हात घालत नसे. आधी वहीतली रेखाटनं. मग त्यांवरून मातीचं छोटं मॉडेल, प्लॅस्टिसिनचं, खोक्यासारख्या चौकटीत, पुढची माणसं उठावाची आणि मागची दबलेली. त्यावर बाजूने उजेड पाडायचा आणि सावल्या बघायच्या. जुना इटालियन चित्रकार तिंतोरेत्तो मेणाच्या बाहुल्या करून असंच करायचा, हे बेंटनला वाचनातून कळलं होतं. मातीवरून एकरंगी चित्र, मग रंगीत चित्र, मग चौकटी आखून भिंतीच्या मापाला. म्हणून त्याची माणसं अशी पिळलेली, फुगीर, दोरखंडासारखी दिसतात. ती आधी मातीत वळलेली असतात. अनेकांना हे बटबटीत वाटतं. पण पंधरा हातांवरून भिंत वाचायची तर आकाराला असा पीळ हवाच, हे मी शिडीवरून उतरून मागे जाऊन शेकडो वेळा पाहिलंय.

अंड्याचं सांगतो. पिवळा बलक वेगळा करायचा, पांढरं अजिबात नको. बलक तळहातावर घ्यायचा, हात पुसायचा, दुसऱ्या तळहातावर घ्यायचा, परत पुसायचा. चार-पाच वेळा केलं की त्याची पातळ कातडी कोरडी होते. मग ती दोन बोटांच्या चिमटीत अलगद उचलायची, वाटीवर धरायची आणि खालून टाचणीने भोक पाडायचं. पिवळं वाटीत उतरतं, कातडी चिमटीत राहते. त्यात थोडं पाणी आणि पाण्यात खललेली रंगाची पूड. हा रंग ब्रशखालीच वाळतो. तैलरंगासारखा घोळवता येत नाही, म्हणून छटा आणायची तर बारीक रेघांवर रेघा. ताई, जेफरसन सिटीत शक्य तेवढं जवळ जा आणि दंडांवर, पाठींवर त्या रेघा शोधा. चित्र सरळ गिलाव्यावर नाही, फलकांवर चिकटवलेल्या कापडावर आहे.

अंडं ताजं घ्या. शिळ्याची कातडी लगेच फुटते.

ब्लूमिंग्टनची_माजी

मी इंडियाना विद्यापीठात शिकले आणि बेंटनच्या चित्राखाली बसून शिकले, म्हणून लिहिते.

१९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी त्याने इंडियानाचा इतिहास काढला, बारा फूट उंच, एकूण २५० फूट लांब. ते फलक आमच्या विद्यापीठात आहेत. वुडबर्न हॉलच्या एका मोठ्या वर्गात जो फलक आहे त्यात मागच्या बाजूला पांढरे झगे घातलेले क्लॅनवाले (कू क्लक्स क्लॅन, गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी काळ्यांवर दहशत बसवणारी संघटना) आणि जळता क्रूस आहे. विसाच्या दशकात इंडियानाचं राजकारण क्लॅनच्या मुठीत होतं, ते बेंटनने लपवलं नाही. फलकाच्या पुढच्या बाजूला वार्ताहर आहे, छपाईयंत्र आहे आणि एका काळ्या मुलाची शुश्रूषा करणारी नर्स आहे. क्लॅनच्या काळातला राजकीय भ्रष्टाचार बाहेर काढल्याबद्दल तिथल्या एका वर्तमानपत्राला १९२८ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं होतं, तो संदर्भ.

पण माझ्या वर्गातली एक काळी मैत्रीण नेहमी पाठ करून बसायची. ती म्हणायची, चित्राचा अर्थ मला कळतो, पण अर्थशास्त्राचा पेपर लिहिताना समोर जळता क्रूस का? विद्यार्थ्यांच्या तक्रारी कित्येक वर्षं चालल्या आणि २०१७ मध्ये विद्यापीठाने ठरवलं की चित्र तिथेच राहील, पण त्या खोलीत वर्ग भरणार नाहीत.

आणि बेंटनला नुसतं थोर करू नका. त्याने काळी माणसं ठोकळेबाज काढली, असं स्टुअर्ट डेव्हिससारख्या चित्रकाराने १९३५ मध्येच लिहिलं होतं. समलिंगी माणसांबद्दल तो जाहीरपणे अतिशय हीन बोलला. संग्रहालयं चालवणाऱ्यांवर तसली शेरेबाजी केली म्हणून १९४१ मध्ये कॅन्सस सिटीच्या कलाशाळेतली त्याची नोकरी गेली. तेही भिंतीवरच्या गोष्टींइतक्याच उघडेपणाने सांगायला हवं.

मिसूरीकर

ब्लूमिंग्टनच्या ताई, बरोबर आहे. नोकरीचं मी लिहायला हवं होतं. त्या बोलण्याचं समर्थन मी करणार नाही.

फक्त एक जोडतो. १९३५ मध्ये झुंडीने काळ्या माणसांना मारण्याविरुद्ध एन.ए.ए.सी.पी. या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने न्यूयॉर्कात प्रदर्शन भरवलं, त्यात बेंटनचंही चित्र होतं. हे खरं आणि तेही खरं. तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न मला रात्रभर पुरला. मी ज्यांना जेफरसन सिटीला नेतो ते तासभर बघतात आणि घरी जातात. रोज त्या चाबकासमोर बसावं लागणाऱ्याचा विचार मी कधी केला नव्हता.

न्यूजर्सीचा_बंड्या

‘अमेरिका टुडे’ आता मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. न्यू स्कूलने १९८२ ला विकायला काढलं, तुकडे होऊन जातील अशी भीती होती. मग एका विमा कंपनीने दहाही फलक एकत्र घेतले, तीसेक वर्षं आपल्या इमारतीत लावले आणि २०१२ ला म्युझियमला देऊन टाकले. मूळ खोलीच्या मापाची खोली करून चारी बाजूंनी लावलंय. मी ऑफिस सुटल्यावर शुक्रवारी जातो, तेव्हा उशिरापर्यंत उघडं असतं. शेवटच्या फलकात दाराच्या वर नुसते हात आहेत, पावासाठी पुढे आलेले. तो मंदीचा काळ होता. बाकी नऊ फलकांतली यंत्रं, नाचगाणी, भुयारी रेल्वे बघून झाल्यावर बाहेर पडताना ते हात दिसतात.

शैलाताई_कराड

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल जाऊन आले.

सकाळी सातला निघालो, डबा घेऊन. खोली उघडी होती आणि आमच्याशिवाय फक्त एक म्हातारं जोडपं होतं. मुलगा म्हणाला, आई अर्धा तास बास ना? मी अडीच तास होते.

आधी वाटलं होतं मोठं-मोठं काहीतरी दिसेल. आत गेल्यावर चारी बाजूंनी माणसांचा लोंढाच अंगावर येतो, जत्रेत उभं राहिल्यासारखं. हक फिन आणि जिम दाराच्या वर, मासा धरलेला, मागे आगबोट. त्या दाराच्याच आसपास खाणीतला चाबूक. म्हणजे ज्या दारातून आमदार आत-बाहेर करतात त्याच्यावर. मी मुलाला म्हटलं, बघ, कोपऱ्यात नाही काढलं.

वडील सापडले, मिसूरीकर. हात वर करून भाषण करतायत. आणि त्याच सभेच्या गर्दीत एक बाई मांडीवर बाळ पालथं घेऊन त्याचं ढुंगण पुसतेय. कुणाचंही तिच्याकडे लक्ष नाही. बाप मोठमोठ्या गोष्टी बोलतोय आणि ही आपलं काम करतेय. मला माझ्या मुलांनी काढलेली झोळी आठवली. झोळीतून बाहेर आलेला एक पाय काढला होता एकाने, नुसता एक पाय, टाच वर. त्या मुलाला मी तेव्हा सांगितलं होतं की हे सगळ्यांत चांगलं आलंय. चुना मारल्यावर त्याने चित्रकलेचा तास सोडून दिला.

रेघाही सापडल्या, भिंतीचा_माणूस. करवत ओढणाऱ्या माणसाच्या पाठीवर. लांबून जो गोल, तुकतुकीत दंड दिसतो तो जवळून बघितला तर बाजरीच्या ताटांसारख्या उभ्या-तिरक्या रेघा, एकावर एक. हिरवट रेघांवर तांबूस. मी वहीत काढून घेतल्या.

ब्लूमिंग्टनच्या ताई, तुमची मैत्रीण माझ्याबरोबर होती असंच समजा. चाबकाच्या चित्रासमोर मी थांबले तेव्हा त्या म्हाताऱ्या जोडप्यातल्या आजोबांनी, ते काळे होते, माझ्याकडे बघितलं. मला इंग्रजी फार येत नाही. मुलाला म्हटलं त्यांना विचार, हे इथे असावं का. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, मी नातवंडांना दोनदा आणलंय. बायको म्हणाली, पण धाकटीला अजून नाही आणलं. एवढंच बोलले.

परत येताना इंडिपेंडन्सला ट्रुमन ग्रंथालयापाशी पोचलो तेव्हा ते बंद झालं होतं. तिथेही बेंटनचं चित्र आहे, १९६१ चं. खुद्द ट्रुमन, म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष, पायाडावर चढले होते आणि त्यांनी त्यातलं थोडं निळं आकाश रंगवलं होतं, असं मुलाने वाचून दाखवलं. रविवारी जाणार आहोत. ती निळी जागा शोधायची आहे.

त्या झोळीच्या मुलाचा नंबर एका जुन्या विद्यार्थिनीकडून मिळवला. आता त्याचं कराडात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्याला बाळ पुसणाऱ्या बाईचा फोटो पाठवला, खाली फक्त “तुझा पाय आठवला” एवढं लिहिलं. अजून उत्तर नाही, तिकडे रात्र आहे.

आणि हो, अंड्याचं करून बघितलं. दोन कातड्या फुटल्या, तिसरी जमली. रंगाची पूड नव्हती म्हणून हळद घातली. सुनेच्या पोळपाटाखालच्या कागदावर रेघा ओढल्यात, अजून चिकटून आहेत.